सल्ला केंद्रातला संगणक आणि खंडणीचे कुलूप

(उमरगा येथे महिला सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमात 'संगणकावरील खंडणीखोर हल्ले' हा विषय पाहून मघाशी दोघीतिघींनी विचारले, की हे आपल्या शिबिरात कशाला? यासाठी एखादा संगणकवाला मुलगा बोलवायचा होता. मी संगणकाची पदवी घेतलेली नाही, एमएसडब्ल्यू केले आहे. पण 'मुलगा बोलवायचा' या आपल्या सवयीवरच मला आज बोलायचे आहे.

आपल्या केंद्रात बाई पहिल्यांदा येते तेव्हा आपण तिला काय सांगतो? इथे बोललेले इथेच राहील. पूर्वी हा शब्द पाळणे सोपे होते. जबाब रजिस्टरात, रजिस्टर कपाटात आणि किल्ली ताईंच्या कमरेला. आता तिचा अर्ज, घरगुती घटना अहवाल, अंगावरच्या वळांचे फोटो, ती सध्या कुणाकडे राहते तो पत्ता, सगळे एका संगणकात आहे. त्याची किल्ली कुणाकडे आहे? बहुतेक ठिकाणी ती बाजारपेठेतल्या त्या मुलाकडे आहे. पासवर्ड त्याला माहीत, पेनड्राइव्ह त्याचा, आणि मशीन बिघडले की ते त्याच्या दुकानात दोन दिवस उघडे पडलेले. बायकांना सातबारा वाचायला शिकवणाऱ्या आपण इथे मात्र म्हणतो, ते काही आपल्याला कळत नाही बाई.

आता हा हल्ला म्हणजे काय ते सांगते. याला रॅन्समवेअर म्हणतात. नेहमीचा व्हायरस मशीन मंद करतो, नको त्या जाहिराती दाखवतो. रॅन्समवेअर तुमच्या फायली शोधून एकेक फाईल गणिती कुलपाने बंद करतो. फाईल जागेवरच असते, पण उघडत नाही, आणि तिच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलेले असते. मग चिठ्ठी येते: इतके पैसे द्या, किल्ली देतो.

प्रकार नवा नाही. डिसेंबर १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने देशोदेशी गेल्या. आरोग्याचे काम करणाऱ्यांनी त्या विश्वासाने घातल्या. संगणक ९० वेळा चालू झाला की फायलींची नावे बिघडत आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्याची मागणी पडद्यावर येई. पाठवणारा जोसेफ पॉप नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होता. म्हणजे अगदी पहिला मोठा हल्लासुद्धा सेवाभावाच्या वाटेने आला. हे आपण ध्यानात ठेवावे, कारण 'पीडित महिलेचा अर्ज' अशा नावाची फाईल मेलवर आली तर आपण उघडणारच.

हे मोठ्यांचे दुखणे आहे असेही समजू नका. मे २०१६ मध्ये मंत्रालयातल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांतले सुमारे १५० संगणक 'लॉकी' नावाच्या रॅन्समवेअरने बंद पाडले. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीची पाळी आली, पण बॅकअप वेगळ्या जाळ्यात ठेवलेला असल्याने तो वाचला, असे महामंडळाने सांगितले. जुलै २०२४ च्या अखेरीस तर सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार अडले. बचतगटाचे खाते अशाच बँकेत असते, तेव्हा झळ कुणाला बसते ते मी सांगायला नको.

पण सर्वांत जास्त हाल एकट्या-दुकट्या संगणकाचे होतात, कारण त्याच्यामागे कुणी नसते. शेजारच्या तालुक्यातल्या एका केंद्राने मला बोलावले होते, ते सांगते. (केंद्राचे नाव घेत नाही.) त्यांना मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर हवे होते. विकत घेण्याइतके पैसे नव्हते. मुलाने इंटरनेटवरून 'क्रॅक' केलेले उतरवून दिले, आणि ते बसेना म्हणून आधी अँटिव्हायरस बंद केला. संध्याकाळपर्यंत सहा वर्षांच्या फायलींना शेपटे लागली. चिठ्ठीत ९८० डॉलर मागितले होते, ७२ तासांत दिले तर निम्म्यात, ४९० डॉलरमध्ये काम होईल म्हणे. 'स्टॉप' किंवा 'डिजेव्हू' नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीची ही ठरलेली भाषा आहे, आणि चोरटे सॉफ्टवेअर ही तिची ठरलेली वाट.

तिथे मला सर्वांत जास्त खटकले ते वेगळेच. मशीनवर त्या वेळी बसलेली सर्वांत धाकटी कार्यकर्ती दोन दिवस गप्प राहिली. आपण काहीतरी चुकीचे दाबले, आता नोकरी जाणार, या भीतीने. आणि बाकीच्या तिला विचारत होत्या, तू ते उघडलेसच कशाला? हा प्रश्न आपण ओळखतो ना? रात्री बाहेर गेलीसच कशाला, फोटो पाठवलासच कशाला. बाहेरच्यांनी विचारला की आपण मोर्चा काढतो. ते दोन दिवस हातचे गेले, आणि तेवढ्यात जोडून ठेवलेला पेनड्राइव्हही कुलूपबंद झाला.

त्या केंद्रातल्या एका बाईची पोटगीची तारीख पंधरा दिवसांवर होती. तिच्या जखमांचे फोटो त्याच मशीनमध्ये होते. दवाखान्याच्या रजिस्टरातली नोंद आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडची अहवालाची प्रत होती म्हणून निभावले. फोटो गेले ते गेलेच. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम ६३ खाली, असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते, तेव्हा ज्या फोनवर फोटो काढला त्यातली मूळ फाईल पुसू नका, एवढे आजपासून कराच.

असे झाले तर पहिल्या पाच मिनिटांत इंटरनेट तोडा: तार उपटा, वायफाय बंद करा. पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढून घ्या. फायली अजून एकेक करून बंद होताना दिसत असतील तर सरळ मशीनच बंद करा. चिठ्ठीचा फोटो मोबाईलने काढा. आणि बॅकअपची डिस्क 'चालते का बघू' म्हणून त्याच मशीनला लावू नका. ही घाई हमखास होते.

मुलगा म्हणेल, फॉरमॅट मारू. थांबवा त्याला. व्हायरस काढणे आणि फायली परत मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोराला घराबाहेर काढले म्हणून त्याने लावलेले कुलूप उघडत नाही. बंद पडलेल्या फायली आणि ती चिठ्ठी एका वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, कारण किल्ली कधीकधी नंतर सापडते. 'नो मोअर रॅन्सम' नावाचे संकेतस्थळ जुलै २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून सुरू केले. तिथे फाईलचा नमुना दिला की कुठली टोळी आणि किल्ली उपलब्ध आहे का, ते फुकट कळते. नमुना देताना मात्र भान ठेवा. हळदीकुंकवाचा फोटो द्या, कुणा बाईचा जबाब नको.

वर सांगितलेल्या टोळीच्या जुन्या प्रकारांची किल्ली ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट कंपनीने फुकट दिली. नव्या प्रकारांत, हल्ल्याच्या वेळी इंटरनेट चालू असेल तर प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी बनते, आणि मग बहुधा उपाय नसतो. त्या केंद्राचे तसेच झाले. अशा वेळी 'आम्ही हमखास उघडून देतो' म्हणणारे दुकानदार भेटतात. त्यांपैकी काही जण गुपचूप चोरालाच पैसे देतात आणि वर आपली कमाई लावतात.

यानंतर मशीन पूर्ण पुसून विंडोज नव्याने घाला, अस्सल. विंडोजमध्येच डिफेंडर आहे, त्याची 'ऑफलाइन स्कॅन' आधी करून घेता येते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही फुकट साधने आहेत. आणि मेल, बँक, फेसबुक या सगळ्यांचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला. फायली बंद करणाऱ्याच्या जोडीला पासवर्ड चोरणारा भिडू पुष्कळदा आत आलेला असतो. हे बहुतेक जणी विसरतात.

पैसे द्यायचे का? माझे मत स्पष्ट आहे, देऊ नयेत. फोटोवरून धमकावल्या गेलेल्या मुलीला आपण काय सांगतो? एकदा दिलेस की पुन्हा मागेल. तेच इथे. शिवाय २०१९ पासून काही टोळ्या कुलूप लावण्याआधी फायलींची नक्कल काढून नेतात आणि 'जाहीर करू' म्हणून धमकावतात. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्राची हकिगत ऐका. तिथल्या नोंदी चोरीला गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये चोराने आधी केंद्राकडे आणि मग थेट रुग्णांकडे, प्रत्येकाकडे २०० युरोपासून पुढे मागायला सुरुवात केली. सुमारे ३३,००० लोकांच्या मनातले त्याच्या हातात होते. आपल्या फायलीतली बाई पत्ता लपवून राहते आहे. तेव्हा अशी चोरी झाल्याची शंका आली तर त्या बाईला आपणच आधी सांगितले पाहिजे. संस्थेची बदनामी होईल म्हणून गप्प बसायचे नाही.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पोलीस ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ व ६६ आणि भारतीय न्याय संहितेतले खंडणीचे कलम ३०८ लावण्याचा आग्रह धरा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. 'व्हायरस आला, त्यात काय' हे उत्तर ऐकून परत येऊ नका. ४९८ अ च्या वेळी 'घरगुती मामला आहे' हे आपण ऐकून घेत होतो का?

बचावाचे बोलायचे तर चोरटे सॉफ्टवेअर बंद, हे पहिले. गरजच नाही. मराठी कळफलक विंडोजमध्येच आहे, युनिकोडचे 'मुक्त'सारखे फॉन्ट फुकट आहेत, लिब्रेऑफिस फुकट आहे. जे बसवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो ते बसवायचे नाही. दुसरे, विंडोज 'अपडेट मागते' म्हणून वैतागू नका. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला, त्या भोकाचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हा आपले जुने मशीन कुठले आहे ते आज जाऊन बघा. रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते वापरू नका. वर्डची फाईल 'एनेबल कंटेंट' म्हणाली तर दाबू नका.

आणि बॅकअप. या भागात मला ते समजावून सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूरकडे घरे पडली तेव्हा माणसांबरोबर कागदही ढिगाऱ्याखाली गेले. तुमच्यातल्या थोरल्या तायांनी बायकांना घेऊन तलाठ्याकडे, तहसीलला किती खेटे घातले ते त्याच सांगतील. एक प्रत दुसऱ्या छपराखाली असावी, एवढाच त्याचा अर्थ. दोन बाहेरच्या डिस्क घ्या. दर शनिवारी एकीवर नक्कल काढायची आणि लगेच तार काढायची, जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप नव्हेच. दुसरी महिन्यातून एकदा, आणि ती दुसऱ्या कार्यकर्तीच्या घरी. दोन्हींना पासवर्डचे कुलूप हवे, नाहीतर डिस्क हरवली की बायकांची नावे गावभर. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात दोघींकडे ठेवा. गुगल ड्राइव्हवरच्या जुन्या आवृत्त्या काही दिवस राहतात, त्यावर भिस्त ठेवू नका.

हे काम कुणी करायचे? पुरुष सहकारी असला तर आपोआप त्याच्याकडे जाईल. तसे होऊ देऊ नका, पाळी लावा. जेवणानंतर इथल्याच मशीनवर नक्कल काढून, ती उघडते का ते पाहू. ज्यांनी पेनड्राइव्ह आणले आहेत त्यांनी ते पिशवीतच राहू द्यावेत, आधी तपासू.