यंत्र जागे होते तेव्हा
(वार्षिक समारंभातील व्याख्यान)



संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंतच्या काही क्षणांविषयी मी आज बोलणार आहे. त्या क्षणांत फर्मवेअर हा छोटा प्रोग्राम राबत असतो. तो मेमरी सज्ज करतो, डिस्क शोधतो आणि लिनक्ससारख्या कार्यप्रणालीच्या हाती कारभार सोपवतो.

१९८१ साली आय.बी.एम.चा पर्सनल कॉम्प्युटर आला. त्याच्या बायोसची रीत इतर कारखानदारांनीही उचलली. म्हणून एकच डिस्क निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालू लागली. पुढे यू.ई.एफ.आय. ही नियमावली आली. मात्र मोबाइलमधील व लहान बोर्डांवरील आर्म चिपांत ही एकवाक्यता नव्हती.

पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन २०२० साली ग्राहकांच्या हाती पडू लागला. त्यातील ऑलविनर ए-६४ ही चिप सुरू होताच कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइटवर बूटलोडर शोधते. जी.पी.टी. पद्धतीचा विभागतक्ताही सामान्यतः तीच जागा अडवतो! बूटलोडरसाठी वेगळी फ्लॅश चिपही या फोनात नाही. परिणामी, लिनक्सची प्रत तयार करणाऱ्याला त्या फोनापुरता बूटलोडर सोबत जोडावा लागे. दहा उपकरणे, तर दहा प्रती. स्वयंसेवकांची किती शक्ती यात खर्च होत असेल, याचा विचार करा.

यावरील उपाय साधा आहे: फर्मवेअर उपकरणाचे, कार्यप्रणाली वापरणाऱ्याची. दोघांच्या जागा वेगळ्या ठेवायच्या आणि दोघांमधील व्यवहार ठरलेल्या नियमांनीच करायचा. यासाठी ई.बी.बी.आर. ही नियमावली तयार झाली. यू-बूट या मुक्त बूटलोडरने यू.ई.एफ.आय.च्या आवश्यक सेवा स्वीकारल्या. टो-बूट हा त्याच पायावर उभा आहे. पाइनफोन प्रो या पुढच्या फोनात तर फर्मवेअरसाठी वेगळी फ्लॅश चिपच दिलेली आहे. अर्थात, नियम झाले म्हणजे सारे झाले असे नाही. कॅमेरा, मोडेम यांचे ड्रायव्हर कोणीतरी लिहावेच लागतात.

पालकहो, याचा आपल्या खिशाशी संबंध आहे. कंपनीने सुधारणा देणे थांबवले की धडधाकट उपकरणही अडगळीत जाते. दुसरी कार्यप्रणाली चढवता आली, तर तेच उपकरण धाकट्या भावंडाच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे पुरते. म्हणून खरेदी करताना किमतीबरोबर एवढेही विचारा: "यावर दुसरी कार्यप्रणाली चढवता येते का?"

आणि विद्यार्थी मित्रांनो, यू-बूटचा बहुतेक भाग सी भाषेत लिहिलेला आहे आणि तो कोणालाही वाचता येतो. त्यात दुरुस्ती पाठवणाऱ्याला पदवी विचारत नाहीत. त्याचे काम तपासतात. नियम पाळणारे पुष्कळ असतात, नियम घडवणारे थोडे. त्या थोड्यांत आपल्या संस्थेची मुले-मुली दिसावीत, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.