डबा उघडून दाखव
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला ‘आयटीतल्या संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण त्यात आपली मुलं आपल्यापेक्षा हुशार आहेत. म्हणून मी डब्याविषयी बोलणार आहे.

पाचवीत मधल्या सुट्टीत बाई रांगेतून फिरायच्या आणि म्हणायच्या, “डबा उघडून दाखव.” आपल्याला वाटायचं, भाजी टाकतो का ते बघतात. खरं तर कुणी डबाच आणला नाही, हे त्या बघत असत. मग स्वतःची अर्धी भाकरी त्याच्यापुढे ठेवून म्हणायच्या, “मला आज जात नाही रे, संपव.”

आपल्या इचलकरंजीत तेव्हा बहुतेकांचे वडील यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी, मागांचा खडखडाट आणि भूक लागली की चहा. माझे वडील रात्रपाळीत सहा-सात कप प्यायचे. चहाने भूक मरते, याचं त्यांना कौतुक होतं.

हे सगळं मी विसरले होते. तीन वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या ऑफिसमध्ये सफाई करणाऱ्या मावशी जिन्यात चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन ७.८ निघालं. बाईमाणसाचं १२ तरी हवं. “सकाळपासून काय खाल्लंत?” मी विचारलं. “चहा-बिस्कीट. मग अकराला वडापाव.” पहाटे साडेचारला उठून त्या घरच्यांचे डबे भरायच्या. स्वतःचा राहून जायचा.

आमचं कॅन्टीन दोनच मजले वर होतं. डाळ, उसळ, कोशिंबीर, दही, सगळं. पण कंत्राटी माणसांना तिथलं सवलतीचं ताट मिळत नसे. मावशी जिन्याखाली, बादल्यांशेजारी बसून खात होत्या. मी नऊ वर्षं वर जेवले आणि त्या कुठे जेवतात, हे एकदाही विचारलं नाही.

वडापावशी माझं वैर नाही. पण मैदा, बटाटा आणि तेल यांनी पोट भरतं; प्रथिनं आणि लोह फार थोडं मिळतं. त्यावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. ही एकट्या मावशींची गोष्ट नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना आणि २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय आढळला. १९४८च्या कारखाने कायद्यात २५०हून अधिक कामगारांच्या कारखान्यांना कॅन्टीन सक्तीचं करण्याची तरतूद होती. आपल्या गल्लीतल्या आठ-बारा मागांच्या शेडपर्यंत ती पोचणार कशी?

मी हिशेब मांडला. चाळीस कंत्राटी माणसांच्या ताटांना लागणारी सवलत आमच्या महिन्याच्या केक-समोशांच्या खर्चाहून थोडीच जास्त होती. मंजुरीला सात महिने लागले. आता ती माणसं वर, आमच्याच टेबलांवर जेवतात. डॉक्टरांच्या गोळ्या आणि हे ताट, दोन्ही मिळून वर्षभरात मावशींचं हिमोग्लोबिन १०.९ झालं. अजून १२ नाही.

आता थोडं अवघड बोलते. आज आपल्यातलेच काही जण मागांचे मालक आहेत. कुणाचं हॉटेल आहे, कुणाची बांधकामं चालू आहेत. आपल्याकडची माणसं कुठे बसून जेवतात आणि काय जेवतात, हे सोमवारी एकदा बघा. बसायला जागा, अर्धा तास निवांत वेळ आणि प्यायला स्वच्छ पाणी द्या. जमलं तर मोड आलेल्या मटकीची उसळ द्या, वर लिंबू पिळून. लिंबामुळे उसळीतलं लोह अधिक लागू पडतं. चहा तासाभराने द्या. आणि मजुरी कापून हे देऊ नका.

विचारताना मात्र बाईंसारखं विचारा. समोरच्याची मान खाली जाता कामा नये.

माझे वडील आज इथे आले आहेत. हे सगळं मी त्यांनाही सांगितलंय. जेवण झाल्या झाल्या ते चहा मागणारच आहेत, तेव्हा वाढणाऱ्या मंडळींनी कृपया थोडा उशीर करावा.