वंशाचा वारसा आणि लोकांची बाग
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



पूर्वजांचा अभिमान आपण सारेच बाळगतो. तो कसा बाळगावा, हे सांगणारी एका बागेची हकीकत आज मी आपणांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, स्कूलकिल नदीच्या पश्चिम तीरी, जॉन बार्ट्रम नामक शेतकऱ्याने १७२८ साली जमीन घेतली. शालेय शिक्षण त्यास बेताचेच लाभले होते; परंतु स्वाध्यायाने तो वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. रानोमाळ हिंडून त्याने रोपे व बीजे जमविली आणि आपल्या बागेत वाढविली. १७६५ साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाने त्यास वार्षिक ५० पौंडांवर राजवनस्पतिज्ञ नेमिले.

त्याच वर्षी पुत्र विल्यमसह प्रवास करीत असता, जॉर्जिया प्रांतातील अल्टमाहा नदीकाठी त्यास एक अपरिचित वृक्ष आढळला. पुढे विल्यमने त्याचे बी आणून घरी रुजविले. पितृमित्र बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या सन्मानार्थ त्यास ‘फ्रँक्लिनिया’ हे नाव मिळाले. १८०३ नंतर हा वृक्ष रानात कोणास दिसल्याची खात्रीची नोंद नाही. आज तो जेथे जेथे फुलतो, तेथे तेथे तो याच बागेतील बीजाचा वंशज होय! एका घरच्या बागेने एक जातीच्या जात राखिली.

परंतु बाग तरी कोणी राखावी? तीन पिढ्यांनंतर, १८५० साली, द्रव्याच्या अडचणीमुळे ती विकावी लागली. अँड्र्यू ईस्टविक या आगगाडीच्या धंद्यात धनाढ्य झालेल्या गृहस्थाने ती घेतली व जुने वृक्ष जपले. १८७९ मध्ये ते निवर्तले आणि बागेचे भवितव्य पुन्हा टांगणीस लागले. तेव्हा ईस्टविक यांच्याच पदरी एके काळी माळीकाम केलेले थॉमस मीहान पुढे आले. त्यांच्या खटपटीने १८९१ साली बाग शहराच्या मालकीची होऊन सर्वांस खुली झाली.

यापुढील गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. १८९३ साली बार्ट्रमच्या वंशजांनी संस्था स्थापन केली, ती मालकी मागण्यासाठी नव्हे, तर त्या सार्वजनिक बागेची सेवा करण्यासाठी. ती संस्था आजही शहराच्या सहकार्याने बाग सांभाळीत आहे.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांचा ग्रंथसंग्रह असेल, कोणाची जुनी आमराई असेल. वाटण्यांत त्यांचे तुकडे होण्यापूर्वी त्या लोकांच्या उपयोगी कशा पडतील, याचा घरोघर विचार व्हावा. वारसा हा हक्काने मिळतो. टिकतो मात्र सेवेने.