दुबळ्या बाजूस उभे राहणे
(न्यासाच्या महोत्सवी मेळाव्यात नल्लकुंटा येथे केलेले भाषण)



उत्सवाच्या मांडवात दुखण्याचा विषय काढलेला काहींना रुचणार नाही. परंतु नल्लकुंट्यास दवाखाना काही नवा नाही. कोरंटी दवाखाना म्हटले की सारे हैदराबाद आपल्याकडे बोट दाखविते! तापाचा रोगी बरा होऊन घरी जातो, आणि प्रकरण मिटते. अर्धांगवायूचे तसे नाही. तेथे खरे काम ताप उतरावा तसे कधी उतरत नाही, आणि ते बहुधा नवऱ्याच्या किंवा बायकोच्याच वाट्यास येते. गेली दोन वर्षे मी ते करीत आहे, एवढाच माझा अधिकार.

माझ्या पत्नीचे उजवे अंग गेले व वाचा अडखळू लागली. रुग्णालयात सहा आठवडे सकाळ-संध्याकाळ व्यायाम चाले. पहिल्याच दिवशी तिचा तोल जाताना पाहून मी धावलो. व्यायाम शिकविणारी मुलगी आपली तेलुगू, वयाने माझ्या नातीएवढी. ती म्हणाली, "अंकल, आप हात पिच्छे बाँधके ठैरो." पेल्यापर्यंत हात न्यावयास पत्नीला पाच मिनिटे लागत, आणि मी नुसता पाहात उभा! पन्नास वर्षांच्या संसारात असे कठीण काम मला कोणी सांगितले नव्हते.

यामागे शास्त्र आहे. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. त्याचे काम शेजारचा भाग शिकतो, आणि तो शिकतो शेकडो वेळा तेच केल्याने. जो हात वापरला जात नाही त्यास मेंदू विसरू लागतो. अमेरिकेतील एडवर्ड टाउब यांनी तर चांगला हात अडकवून ठेवून दुबळ्या हातास कामास लावण्याची पद्धत बसविली. अर्थात ज्याच्या मनगटास व बोटांस थोडी हालचाल आहे त्यालाच ती लागू पडते. प्रेमाने घास भरविणारा नवरा त्या हाताची संधी हिरावून घेतो, हे मला तेथे कळले.

मदत करू नये असे नव्हे. चालताना दुबळ्या बाजूस उभे राहावे, कमरेच्या पट्ट्यास धरावे. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीही ओढू नये. स्नायू सैल पडल्याने खांदा निखळतो. पोलके घालताना दुबळा हात आधी, काढताना तोच शेवटी. भेटीस येणाऱ्यांनाही एक विनंती. "वहिनी कशा आहेत?" हे मला विचारू नका, तिला विचारा. जीभ अडखळते; समज शाबूत आहे. उत्तरास वेळ लागेल, तेवढा चहा घ्या!

आपल्या भाषेत या संसाराचे मोठे उदाहरण आनंदवनाचे. मणक्याच्या विकाराने बाबा आमट्यांना बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच. तशा स्थितीत १९८५ साली ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेस निघाले, आणि पुढे नर्मदाकाठी कसरावदला राहावयास गेले. साधनाताई तेथेही त्यांच्यासोबत होत्या. त्यांनी बाबांना अंथरुणाशी बांधून ठेवले नाही, याचे मला शुश्रूषेहून अधिक वाटते.

आता गाऱ्हाणे. घरी आल्यावर रोगी सर्वांस दिसतो. सांभाळणारा कोणास दिसत नाही. रात्री दोनदा उठणे, उचलताना स्वतःची पाठ धरणे, आणि कधी मनात येणारा राग. होय, रागही येतो. एका नातेवाइकाने मला नोकर ठेवण्याचा सल्ला दिला व तासभर बसून निघून गेला. त्याने तोच तास पत्नीपाशी बसून मला बाजारात जाऊ दिले असते तर!

म्हणून न्यासापाशी मागणे पैशांचे नाही. आठवड्यातून दोन तास अशा घरी जाऊन बसतील अशी दहा माणसे हवीत. पुरुषही चालतील. त्यांची नावे आजच वहीत लिहून घ्यावी. आमच्या घरची चाकाची खुर्ची गेल्या महिन्यापासून रिकामी आहे. पत्नी आता काठीने फाटकापर्यंत जाते. ज्यांस हवी असेल त्यांनी ती संध्याकाळी पाचनंतर येऊन न्यावी. डाव्या चाकास तेल घालावे लागेल.