ऋषिऋण आणि शनिवारचा तास

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एका महाविद्यालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी कलाशाखेचा पदवीधर. विज्ञान दिनाला एका पत्रकाराला बोलावून संयोजकांनी धाडसच केले आहे! परंतु ज्यांच्याविषयी मला बोलायचे आहे, ते गृहस्थ मागच्या रांगेत बसले आहेत आणि नाव घेऊ नये, अशी त्यांची अट आहे. भौतिकशास्त्रात संशोधन केलेला हा माणूस उपजीविकेसाठी संगणकाच्या आज्ञावली लिहितो आणि दर शनिवारी येथे शिकवायला येतो.

भौतिकशास्त्रज्ञ संगणकाकडे वळला की, ‘शास्त्र सोडले’ असे आपण सहज म्हणून टाकतो. इतिहासाची साक्ष निराळी आहे. डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक १९६० साली कार्यान्वित झाला. १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडणारे टिम बर्नर्स-ली हे ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्राचे पदवीधर. आणि ती मांडली गेली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत. त्याच सर्नच्या आवारात २००४ पासून भारताने भेट दिलेली नटराजाची मूर्ती उभी आहे.

मी त्यांच्या एका तासाला जाऊन बसलो होतो. विषय होता लंबकाचा. झोका लहान असेल तर एक मीटर लांबीच्या लंबकाला एका आंदोलनास सुमारे २ सेकंद लागतात, हे पाठ्यपुस्तकातले सूत्र सर्वांना पाठ होते. झोका मोठा झाला की ते सोपे सूत्र अपुरे पडते. मग मुलांनी काळाचे बारीक तुकडे करून, पायरीपायरीने गती मोजणारी आज्ञावली लिहिली. पडद्यावर लंबक हलू लागला. पण प्रत्येक आंदोलनागणिक त्याचा झोका वाढतच चालला! ‘संगणक असेच दाखवतो आहे, सर,’ एक मुलगा म्हणाला. सरांनी एवढेच विचारले, ‘ही ऊर्जा आणली कोठून?’

वर्गात शांतता पसरली. आज्ञावलीत टंकनाची चूक नव्हती. चूक हिशोबाच्या रीतीत होती. आधी नवा वेग काढायचा आणि त्याच नव्या वेगाने पुढचे स्थान काढायचे, एवढा क्रम बदलताच लंबक ताळ्यावर आला. यंत्राच्या उत्तराला निसर्गनियमाच्या कसोटीवर घासून पाहण्याची ही दृष्टी केवळ आज्ञावली शिकवणाऱ्या शिकवणीत क्वचितच मिळते.

अर्धवेळ शिक्षक म्हणजे दुय्यम शिक्षक, ही समजूतही तपासून पाहावी. ज्यांच्या शोधाचा आज आपण दिन साजरा करतो, ते चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ पासून दहा वर्षे सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते. कचेरीच्या वेळेआधी आणि नंतर ते कलकत्त्यात महेंद्रलाल सरकारांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत प्रयोग करीत. १९१७ मध्ये अधिक पगाराची ती नोकरी सोडून त्यांनी विद्यापीठातील पालित अध्यासन स्वीकारले. आपल्या परंपरेने ऋषिऋण सांगितले ते हेच. घेतलेले ज्ञान पुढच्या पिढीला दिल्याखेरीज ते फिटत नाही.

मात्र ऋणाची भाषा शिक्षकापुरतीच ठेवून संस्थेने हात झटकावेत, हे मला मान्य नाही. तासिका तत्त्वावर काम करणारे असंख्य तरुण अध्यापक घेतलेल्या तासांच्या मानधनावर घर चालवतात. आपल्या या पाहुण्यांचे पोट दुसऱ्या व्यवसायावर आहे, म्हणून ते हसतमुखाने येतात. त्यांच्या सेवाभावाचे उदाहरण देऊन रिक्त जागा रिक्तच ठेवल्या, तर तो त्या तरुणांवर अन्याय होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उद्योग-व्यवसायातील अनुभवी मंडळींना पीएच.डी.च्या अटीशिवाय अध्यापनात आणण्याची योजना आखली. ती मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच आहे आणि त्या पदांना धक्का न लावता आहे. ही मर्यादा योग्यच म्हणावी लागेल.

आता संस्थाचालकांना एक विनंती. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेला कुलूप लागते आणि मुले लंबकाचा हिशोब व्हरांड्यात उभी राहून पुरा करतात, हे मी पाहिले आहे. ती किल्ली सायंकाळपर्यंत सरांकडे राहू द्यावी.