जिन्यातली काचेची तार
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)

अध्यक्षांनी पाचच मिनिटं दिलीत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आपण सावेडीत राहायला आलो तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून यायचं. नेट चालू असलं की फोन बंद. 2005 मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं अन् घरोघरचं ते भांडण मिटलं: त्याच तारेवर बोलणं 4 किलोहर्ट्झच्या खाली, डेटा त्याच्या वर.

आता येते ती केसाएवढी काच. मोडेम तिच्यातल्या प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो, राउटर ते घरातल्या फोन-टीव्हीला वाटतो. बहुतेकांकडे दोन्ही एकाच डब्यात, म्हणून आपण सगळ्यालाच 'वायफाय' म्हणतो.

2020 च्या लॉकडाउनमध्ये मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला. मी चारदा बंद-चालू केला. उपयोग शून्य! तो दिवा म्हणजे प्रकाशच पोचत नाही. डब्याला कितीही थोपटा. शेजारच्या काकूंनी पासवर्ड दिला, पोरीनं जिन्याच्या पायरीवर बसून पेपर पूर्ण केला. अन् तिथंच तिला दिसलं, सायकलच्या हँडलमागे तार काटकोनात दबलेली. काच तेवढी वाकली की प्रकाश बाहेर निसटतो. सायकल अर्थातच माझी होती.

आजही जिन्यात सगळ्या तारा लोंबताहेत. तारांना केसिंग पट्टी बसवायचा अर्ज मी सेक्रेटरींकडे दिलाय. येत्या सर्वसाधारण सभेत तेवढा हात वर करा.