आकाशातील रंगीत दिवे

श्रोतेहो, रात्रीच्या आकाशात रंगीत दिवा दिसला, की प्रथम पाहावे ते हे, की तो सरकतो काय? भिवंडीस डिसेंबरात रात्री नवाच्या सुमारास कामवारीकाठी उभे राहून आग्नेयेस पाहा. नुकताच उगवलेला व्याध क्षणात तांबडा, क्षणात हिरवा, क्षणात निळा भासतो. पण जागा सोडीत नाही. तो खेळ आपल्या चंचल हवेचा!

सरकत्या ज्योतींची गोष्ट निराळी. २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन पाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून पिवळ्या-तांबड्या ज्वालांची रांग सावकाश गेली. कित्येकांनी तीस उल्का मानले. परंतु उल्का सेकंदास किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा पापणी लवते न लवते तोच विझते. पृथ्वीभोवती फिरणारे अग्निबाणाचे अवशेष त्याहून मंद, सेकंदास सुमारे ८ किलोमीटर वेगाने, अगदी तिरपे उतरतात. म्हणून ते पुष्कळ वेळ दिसतात, आणि वाटेत फुटल्याने त्यांची रांग होते. हे अवशेष २०२१ साली सुटलेल्या चिनी अग्निबाणाचे असावेत, असे तज्ज्ञांनी ठरविले.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी, आठ-दहा फूट व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. अशा वस्तूस कुतूहलानेही हात लावू नये. इंधनाचा विषारी अंश तीत उरलेला असू शकतो. मुलांना दूर ठेवून पोलिस ठाण्यास वर्दी द्यावी.